तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी जपून चालवायची म्हणजे नेमकं काय?

सर्व्हिसिंगला गाडी सोडताना, किल्ली हातात देता देता बरेच जण मला एक प्रश्न विचारतात. काही म्हणतात, "मी कधी चाळीस-पन्नासच्या वर जात नाही, तरी एवढं काम कसं निघतं?" काहींची तक्रार उलटी असते, "मुलगा गाडी नुसती पिदडतो, अशानं किती दिवस टिकणार?" दोघांना विचारायचं असतं एकच: हळू चालवलेली गाडी जास्त टिकते का आणि जोरात चालवलेली लवकर बसते का? बॉनेट उघडं, हात ऑइलने माखलेले आणि मागे दुसरी गाडी उभी, अशा वेळी मी "सांगतो कधीतरी" म्हणून वेळ मारून नेतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून सांगतो.

मी २६ वर्षं इंजिनं, क्लच आणि ब्रेक खोलतोय. मागे एका आठवड्यात माझ्याकडे दोन गाड्यांचं क्लचचं काम आलं. मॉडेल एकच. पहिली १ लाख २० हजार किलोमीटर पळालेली, रोज लांब पल्ल्यावर जाणाऱ्या माणसाची. दुसरी जेमतेम २२ हजार किलोमीटर झालेली, आणि तिच्या मालकीणबाई इतक्या जपून चालवणाऱ्या की रिकाम्या रस्त्यावरही त्यांचा काटा पन्नासला शिवत नाही. दोन्ही गिअरबॉक्स उतरवले. पहिल्या गाडीची क्लच प्लेट एकसारखी, सपाट झिजलेली होती. वयानं झिजावी तशी. दुसरीचं लायनिंग, म्हणजे प्लेटवरचं घासणारं अस्तर, रिबिटांपर्यंत खाल्लेलं, तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटवर निळे-जांभळे डाग, आणि त्या डागांच्या मधोमध सुकलेल्या तळ्यातल्या चिखलाला पडतात तशा बारीक चिरा. प्लेट हातात घेतली तरी जळका वास येत होता. लोखंडाला असा निळा रंग चढतो तो फक्त उष्णतेनं.

ताईंना ती प्लेट दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "दादा, मी तर कधी जोरात चालवलीच नाही हो." खरंच होतं ते. पण त्यांच्या शेजारी बसून एक फेरी मारली आणि उलगडा झाला. डावा पाय सतत क्लचच्या पेडलवर. चढावर सिग्नल लागला की ब्रेक न लावता हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी तोलून धरायची सवय. अशा वेळी इंजिनाकडची बाजू मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेत असते आणि चाकांकडची प्लेट जागच्या जागी उभी असते. त्या दोघांमधला सगळा फरक घासून उष्णता होऊन बाहेर पडतो. पाच मिनिटांच्या सिग्नलला प्लेट जेवढी खाल्ली जाते, तेवढी लांबच्या प्रवासात दिवसभरातही जात नाही, कारण तिथे एकदा टॉप गिअर पडला की क्लच दाबायचीच वेळ क्वचित येते. नुसता पाय टेकवून ठेवला तरी क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर कायमचा दाब राहतो आणि ते वेळेआधी आवाज करू लागतं.

आपल्या भाषेत हळू आणि हळुवार असे दोन शब्द आहेत, आणि गाडीच्या बाबतीत आपण ते एकच समजतो. हळू म्हणजे काट्यावरचा आकडा. हळुवार म्हणजे पाय. मोकळ्या रस्त्यावर, तापलेल्या इंजिनावर, एका वेगाने चाललेली गाडी वेगात असते, पण तिला त्रास फारसा नसतो. तीस-चाळीसच्या वेगात दर शंभर पावलांवर ॲक्सिलरेटर दाबून लगेच ब्रेक मारणारा माणूस हळूच चालवत असतो, आणि गाडी मात्र पिदडत असतो.

ब्रेकचा हिशेब तर कागदावर मांडून दाखवता येतो. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. माणसं बसलेली १२०० किलोची गाडी १०० च्या वेगातून पूर्ण थांबवली, तर ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते तिच्यावर दीड लिटरच्या आसपास साधं पाणी उकळीला येईल. तीच गाडी ५० वरून थांबवली तर एखादा मोठा पेलाभर. ही सगळी उष्णता पॅड आणि डिस्कला झेलावी लागते. म्हणून पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच ॲक्सिलरेटर सोडणारा माणूस मला आवडतो. गिअरमध्ये असताना पाय उचलला की आजच्या इंजेक्शनच्या गाड्या इंधन बंदच करतात. वेग कमी करायचं काम हवा आणि इंजिन मिळून करतात, फुकटात. घाट उतरतानाही हेच: खालचा गिअर टाका, इंजिनाला गाडी धरू द्या. ब्रेक सतत दाबून ठेवला तर ब्रेक ऑइल तापतं. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेतं; ताजं डॉट ४ प्रतीचं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा भरलेल्या जुन्या तेलाचा उत्कलनबिंदू १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. ते उकळलं की पेडल मऊ पडतं आणि पाय तळाला जातो. तोवर एखादं वळण समोर आलेलं असतं. इथे गाडीच्या आयुष्याचा प्रश्न मागे पडतो आणि आतल्या माणसांचा पुढे येतो. म्हणून ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, असं मी मागे लागून सांगतो.

आता इंजिन. पायाचा हळुवारपणा खरा लागतो तो सकाळच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, आणि नेमके तेव्हाच आपण घाईत असतो. रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल वरच्या भागांवरून ओघळून इंजिनाच्या तळाच्या टाकीत, संपमध्ये, उतरलेलं असतं, आणि थंड असल्यामुळे जाडही. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, तो तापल्यावर बराच फुगतो. म्हणून तो थंड असताना बोअरमध्ये, म्हणजे ज्या नळीत तो वर-खाली होतो तिच्यात, थोडा सैल बसेल असाच बनवतात. थंड पेट्रोल इंजिनात इंधनही जास्त सोडावं लागतं, आणि त्यातलं काही जळण्याआधी बोअरच्या भिंतीवर बसून तिथला ऑइलचा थर धुऊन टाकतं. थर विरळ, पिस्टन सैल, आणि तशात कुणी गेटाबाहेर पडताच रेस खेचली, तर त्या दोन मिनिटांत जी घासाघीस होते ती भरून निघत नाही.

दोन गोष्टी इथे लोक चुकतात. टेंपरेचरचा काटा मधे आला की त्यांना वाटतं गाडी तापली. तो काटा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा असतो. ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. दुसरी चूक म्हणजे गाडी चालू करून दहा मिनिटं जागेवर उभी ठेवणं. रिकामं चालणारं इंजिन सगळ्यात सावकाश तापतं, म्हणजे थंडपणाचा काळ उलट लांबतो. चालू करा, ऑइलचा दिवा विझू द्या, अर्धा मिनिट थांबा आणि निघा. फक्त पाय हलका ठेवा.

टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंखा असलेल्या गाडीला हाच हळुवारपणा प्रवासाच्या शेवटीही हवा. टर्बोचा पंखा मिनिटाला एक लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो आणि त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. मोठा चढ जोरात चढून आल्या आल्या किल्ली फिरवली की ऑइल थांबतं, टर्बो मात्र धगधगत असतो. आत अडकलेलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं. शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश आलात किंवा मिनिटभर इंजिन चालू ठेवलंत की पुरतं.

इथवर वाचून वाटेल की सगळा प्रश्न जोर कमी करण्याचा आहे. म्हणून आता एका काकांच्या गाडीची गोष्ट सांगतो.

नऊ वर्षांची गाडी, ३१ हजार किलोमीटर. दोन किलोमीटर जायचं, दोन किलोमीटर यायचं. काका कधी इंजिनाचा आवाज चढू देत नसत. आवाज आला की लगेच वरचा गिअर. एक दिवस घाबरून आले. ऑइल भरायचं झाकण त्यांनी स्वतः उघडलं होतं आणि त्याच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा, फेसाळ मळ साचलेला होता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या जोडातली पट्टी) गेलं, पाणी ऑइलमध्ये शिरलं. मी बोटाने तो मळ पुसून पाहिला, कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी पाहिली, इंजिन चालू करून त्यात बुडबुडे येतात का ते पाहिलं. कूलंट थेंबभरही कमी झालं नव्हतं. गॅस्केट ठणठणीत होतं.

मग पाणी आलं कुठून? पेट्रोलमधून. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. सहसा ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतेच. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. काकांचं इंजिन नऊ वर्षांत फार क्वचित तेवढं तापलं होतं. सायलेन्सरही तपासला, तो आतून गंजून चाळणी झालेला. बाहेरून गाडी आरशासारखी चकचकीत होती, दर रविवारी पुसलेली. मला त्या काकांचं फार वाईट वाटलं, कारण त्यांनी मनापासून जपलं होतं. गाडीसोबतच्या पुस्तिकेत लहान लहान फेऱ्या, वाहतूक कोंडी आणि धूळ हे 'कठीण वापर' म्हणून दिलेलं असतं आणि अशा गाडीचं ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. ते पान सहसा कुणी उघडत नाही. किलोमीटर झाले नाहीत म्हणून ऑइल दोन-दोन वर्षं तसंच राहतं.

काकांच्या वरच्या गिअरच्या सवयीबद्दलही सांगायला हवं. ॲव्हरेज मिळावं म्हणून पस्तीसच्या वेगात पाचवा टाकून ॲक्सिलरेटर दाबत राहिलं, की इंजिन कण्हायला लागतं, स्टेअरिंग आणि सीट थरथरते. कमी फेऱ्यांवर मोठं ओझं आलं की बेअरिंगमधला ऑइलचा थर नीट उभा राहत नाही. लहान टर्बो पेट्रोल इंजिनात तर अशा वेळी इंधन ठिणगीच्या आधीच पेटू शकतं आणि त्या दणक्याने पिस्टनची कड तुटू शकते. तापलेलं इंजिन चार हजार फेऱ्यांवर गेलं म्हणून मी काळजी करत नाही. कण्हणारं इंजिन ऐकलं की मात्र माझा हात आपोआप गिअरकडे जातो.

आणि डिझेल. आजच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती काजळी जाळायला आतलं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत न्यावं लागतं, आणि त्यासाठी गाडी सलग काही वेळ पळायला हवी. लहान फेऱ्यांत ते काम दर वेळी अर्ध्यावर तुटतं. जाळी तापवायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते; त्यातलं काही बोअरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये झिरपतं. ऑइल मोजायची काठी काढून पाहिली की ऑइल वाढलेलं दिसतं. ऑइल कमी झालेलं सगळ्यांना कळतं. वाढलेलं ऑइल पाहून कुणी गॅरेजला येत नाही, आणि तेच जास्त धोक्याचं असतं, कारण पातळ झालेलं ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही.

म्हणून जुने मिस्त्री म्हणायचे, "हायवेला काढ आणि गाडी मोकळी करून आण", त्यात बरंच तथ्य आहे. मात्र मोकळी करणं म्हणजे थंड गाडी गेटातून उडवणं नव्हे. आधी वीस मिनिटं नीट तापू द्यायची, मग तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये इंजिनाला खुल्या आवाजात काही वेळ चालू द्यायचं, वेगमर्यादेच्या आतच. यानं झिजलेल्या रिंगा भरून येत नाहीत आणि बिघडलेला इंजेक्टर सुधारत नाही. तेवढी अपेक्षा ठेवू नका. नव्या गाडीलाही पहिले हजार किलोमीटर नुसतं रांगवू नका. वेग आणि ओझं थोडं बदलतं ठेवलं तरच रिंगा बोअरशी नीट बसतात.

राहिलं खड्ड्यांचं. खड्डा दिसला की ब्रेक आधी दाबा आणि चाक आत पडायच्या क्षणी सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली बसलेलं असतं, सस्पेन्शनला दबायला जागा उरत नाही आणि सगळा मार चाकाच्या रिमवर आणि सस्पेन्शनच्या बुश, बॉल जॉइंट या सांध्यांवर जातो. ऑटोमॅटिकवाल्यांनी गाडी मागे सरकत असतानाच डी टाकू नये, पूर्ण थांबू द्यावी. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, पण तिथे मोटरच गाडी थांबवत असल्यामुळे ब्रेक फार कमी वापरले जातात आणि डिस्कवर गंज चढतो. अधूनमधून सुरक्षित जागी ते नीट दाबावे लागतात.

काकांचं ऑइल, फिल्टर आणि सायलेन्सर बदलला. आता ते आठवड्यातून एकदा काकूंना घेऊन तासभर लांब जाऊन येतात. तीन महिन्यांनी आम्ही दोघांनी मिळून झाकण उघडलं. आत ऑइलचा पातळ तपकिरी थर होता, मळाचा ठिपका नव्हता. काका ते झाकण बराच वेळ उजेडात धरून बघत उभे होते.

आणि त्या ताई परवा काहीतरी दुसऱ्याच कामासाठी आल्या होत्या. गॅरेजपुढच्या चढावर समोर गाड्या अडकल्या म्हणून त्यांना थांबावं लागलं. मी आतून बघत होतो. त्यांनी हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रल केला आणि डावा पाय पेडलवरून उचलून बाजूला ठेवला.