वेळापत्रकात मारबत नव्हती

चित्रीकरणाचे वेळापत्रक संगणकावर बसवण्याचे काम मी पहिला सहायक दिग्दर्शक म्हणून गेली अनेक वर्षे करतो आहे. माझा जन्म नागपूरचा आणि लहानपण तिथल्या महाल या जुन्या वस्तीत गेले, हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढची चूक बाहेरगावच्या माणसाकडून झाली असती तर तिला निदान एक सबब मिळाली असती.

एका मराठी चित्रपटाचे काम ऑगस्टअखेरीस चालू होते. कळमेश्वरच्या बाजूला एका शेतात पाच दिवस आणि त्यानंतर महालात, बडकस चौकाजवळच्या एका जुन्या वाड्यात, काही दिवस अशी मांडणी होती. संहितेचे प्रत्येक पान आठ भागांत मोजायचे, प्रत्येक दृश्याची एक पट्टी करायची, घरातला दिवस पांढरा, बाहेरचा दिवस पिवळा, घरातली रात्र निळी आणि बाहेरची रात्र हिरवी, असे रंग द्यायचे आणि मग त्या पट्ट्या दिवसांत बसवायच्या, ही पद्धत पुठ्ठ्याच्या फळीवर चालत होती तेव्हापासूनची आहे. सॉफ्टवेअरने तिला वेग दिला. एक पट्टी हलवली की कोणत्या नटाचे किती दिवस वाया जातात, कोण कुठे रिकामा बसतो, हे त्याच क्षणी दिसते. या सोयीची सवय फार लवकर लागते.

शेतातले दोन दिवस पावसात वाहून गेले. चिखलातून जनरेटरची गाडी काढायलाच एक दुपार गेली आणि पोळ्याच्या सुट्टीनंतरही ते शेत वापरता येणार नाही, हे स्पष्ट झाले. पोळ्याच्या आदल्या रात्री मी वाड्याचा एक दिवस उचलून अलीकडे आणला. पाच दृश्ये, पावणेपाच पाने, म्हणजे 38 अष्टमांश. चित्रपटातले ज्येष्ठ नट नेमके त्या दिवसापर्यंतच मोकळे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने जाणार होते, त्यामुळे माझी जुळणी मलाच फार देखणी वाटली. कुठेही तारखांची टक्कर नव्हती. दिनदर्शिकेत पोळा मी स्वतः सुट्टी म्हणून भरला होता. दुसरा दिवस मात्र कोराच ठेवला होता, कारण मूळ आखणीनुसार त्या दिवशी आम्ही शहरात नसणारच होतो.

पोळ्याच्या संध्याकाळी कलाविभागाच्या मुलांना घेऊन मी वाड्यावर गेलो. मालकीणबाई ओसरीवर बसल्या होत्या. सकाळी सहाला माणसे येतील आणि दिवसभर ध्वनिमुद्रण असल्यामुळे चौकात आवाज नको, असे मी त्यांना सांगितले.

“उद्या?” त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. “उद्या मारबत आहे न बाप्पा! अन् तू तर इथलाच न रे? काहून विसरला?”

मला खरोखर घाम फुटला. मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी, इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते, असे शाळेत असताना मीच पाहुण्यांना सांगत असे. बडगे नावाचे पुतळे, ढोल, “इडा पिडा घेऊन जा गे मारबत”च्या आरोळ्या आणि महाल-इतवारीत मुंगीलाही वाट न देणारी गर्दी. त्या गर्दीतून जनरेटर येणार नव्हता, नटांची गाडी येणार नव्हती आणि आलीच असती तरी कुजबुजीच्या स्वरातल्या संवादामागे काय ऐकू आले असते, ते सांगायला नको.

निर्मिती व्यवस्थापक मुंबईचे होते. त्यांना मारबत म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटे गेली. तारीख पुढे ढकलता येत नव्हती, म्हणून मी वाड्याच्या पायरीवरच लॅपटॉप उघडला आणि तो दिवस मधोमध चिरला. दिवसाची तीन पांढरी दृश्ये मिळून 23 अष्टमांश होती, रात्रीची दोन निळी दृश्ये 15. सामान आणि जनरेटर त्याच रात्री आणून ठेवायचे, सर्वांना पहाटे साडेचारला बोलवायचे, सहाच्या सुमारास चौकात उजेड उतरला की पांढरी दृश्ये घ्यायची, रस्ता भरू लागला की थांबायचे आणि निळी दृश्ये अंधार पडल्यावर घ्यायची. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात प्रकाशयोजनेच्या माणसांचा दिवस सोळा तासांच्या पुढे जात होता, आणि हा हिशेब मी बोटांवर केला, कारण मधली विश्रांती पडद्यावर दिसली तरी माणूस त्या वेळी खरोखर झोपतो की मिरवणूक पाहतो, हे पट्टी सांगत नाही. शेवटी संध्याकाळसाठी प्रकाशयोजनेची दुसरी तुकडी मागवली. खर्चावरून बोलणी खावी लागली आणि ती रास्त होती.

सकाळी पहिली दोन दृश्ये नीट झाली. तिसऱ्याच्या दुसऱ्या टेकला लांबून ढोल ऐकू आला आणि ध्वनिमुद्रकाने कानावरचा हेडफोन काढून हात वर केला. थांबलो. तर्री-पोहे खाऊन निम्मे युनिट माडीच्या खिडक्यांत जाऊन उभे राहिले. ज्येष्ठ नट खुर्ची ओढून सर्वांत पुढे बसले होते. मी मात्र मागच्या खोलीत संध्याकाळचे कॉल शीट, म्हणजे कोणी किती वाजता यायचे तो कागद, दुरुस्त करत होतो आणि काळी मारबत समोरून गेली ती मला फक्त आवाजावरून कळली.

रात्री पावणेबाराला पॅकअप झाले. 33 अष्टमांश पूर्ण झाले होते. उरलेले पाच तिसऱ्या दृश्याचे होते, ज्यात ज्येष्ठ नट नव्हते. ती पांढरी पट्टी मी पुढच्या आठवड्यात सरकवली आणि सरकवण्यापूर्वी मालकीणबाईंना फोन करून विचारले की त्या दिवशी काही आहे का.