लायन्स मेन, व्हाया सोलापूर

मे महिन्यात सोलापूरला जाऊ नये असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. सिद्धेश्वराचं दर्शन आणि भुईकोट किल्ला ऊन चढायच्या आत उरकले. उरलेले दिवस ताईकडे कडक भाकरी, शेंगा चटणी आणि पंखा. आग्रह करून वाढण्यात सोलापूरकरांचा हात कुणी धरणार नाही. पण लिहायला बसलोय ते एका दुपारीबद्दल, आणि त्या दुपारी मोबाईलवर पाहिलेल्या लायन्स मेन, म्हणजे 'सिंहाची आयाळ', नावाच्या जेलीफिशबद्दल.

दाजींचा पूर्व भागात यंत्रमागाचा कारखाना आहे, चादरींचा. माग चालू असले की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. त्या दुपारी वीज गेली, खडखडाट थांबला आणि भाचीने मोबाईल पुढे केला. ती नॉर्वेत सागरी जीवशास्त्र शिकते, सुट्टीला आली होती. "मामा, हे बघ."

बर्गनजवळ धक्क्यावरून तिने स्वतः काढलेला व्हिडिओ. तांबूस-तपकिरी छत्री, कडेला आठ पाळ्या, सावकाश मिटतेय, उघडतेय. खाली स्पर्शकांचे, म्हणजे लांब लोंबत्या तंतूंचे, आठ झुबके, एकेका झुबक्यात 70 ते 150. समोरच्या मागावर ताण्याचे तुटलेले धागे लोंबत होते, अगदी तसेच. फक्त हे पाण्यात हलत होते. लायन्स मेन जेलीफिश, शास्त्रीय नाव सायनिया कॅपिलाटा. 1865 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागलेल्या एका जेलीफिशची छत्री सुमारे 2.1 मीटर रुंद होती आणि स्पर्शक 36 मीटरच्या वर.

कारखान्यातले सगळे जमले आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, "चावतं का गं ते?" मला मनापासून राग आला. इतका देखणा जीव समोर आणि विचारायचं काय, तर चावतं का! भाची मात्र शांतपणे सांगत राहिली. हो, डंख चांगलाच झोंबतो. मेल्यावर, तुकडे झाल्यावरसुद्धा डंखपेशी सुटतात. 2010 मध्ये न्यू हॅम्पशायरच्या किनाऱ्यावर एका मेलेल्या जेलीफिशच्या तुकड्यांनी सुमारे दीडशे जणांना डंख झाले.

मग तिने जे सांगितलं त्यासाठी मी ते ऊन पुन्हा सोसेन. मादी फळलेली अंडी तोंडाजवळच्या झालरींत सांभाळते. त्यातून निघालेली अळी थोडी पोहते आणि खडकाला चिकटून पॉलिप बनते, म्हणजे एका जागी बसून राहणारा इवलासा जीव, जेमतेम काही मिलिमीटरचा. तो थंडीची वाट पाहतो. पाणी गार झालं की त्याच्या अंगावर वळ्या पडतात, चकत्यांची चळत तयार होते आणि एकेक चकती सुटून पोहू लागते. त्या चकतीला मेंदू नाही, हृदय नाही. लहान मासे आणि दुसरे जेलीफिश खात ती उन्हाळ्यापर्यंत हे धूड होते आणि बहुतेक वेळा वर्षभरात मरते. छत्रीखाली माशांची पिल्लं आसरा घेतात. लेदरबॅक कासवं मात्र सगळंच खाऊन टाकतात.

"आणि थंडी पडलीच नाही तर?" दाजींनी विचारलं. त्या दुपारचा सगळ्यात चांगला प्रश्न.

"मग पॉलिप तसाच बसून राहतो, बाबा. चकत्या सुटत नाहीत. म्हणून तर हे उत्तरेच्या गार समुद्रातच एवढे मोठे होतात."

पुढच्या उन्हाळ्यात बर्गनला ये म्हणाली आहे. तिची अट एकच, पाण्यात उतरायचं नाही, धक्क्यावरूनच बघायचं. मला मंजूर आहे.