वाचन घरी ऐकू जातं तेव्हा

मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. ‘सीसॉ’ या वर्गासाठीच्या अ‍ॅपवर मुलं धडा वाचून आपल्या आवाजात रेकॉर्ड करतात. मी ऐकून मान्यता दिली की ते त्यांच्या घरच्यांना ऐकता येतं. या सगळ्या खटाटोपात मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. भरल्या वर्गात एकेकाचं वाचन निवांत ऐकणं होतच नाही.

एक मुलगी जोडाक्षर आलं की थबकते, ओठांतल्या ओठांत पुटपुटते आणि मग शब्द पूर्ण म्हणते. वर्गात ती तोंड उघडत नाही. तिचं रेकॉर्डिंग ऐकून आईने कळवलं, “ही एवढं वाचते?” त्या दिवसापासून आई शब्द सांगून टाकत नाही, थांबते.

‘गूगल क्लासरूम’ हे वर्गाचं काम ऑनलाइन देण्या-तपासण्याचं साधन २०१४ साली आलं. त्यातून राहिलेल्या कामाचा गोषवारा पालकांना ईमेलने जाऊ शकतो. मोठ्या मुलांसाठी ठीक. सात वर्षांच्या पोराचं काय राहिलं यापेक्षा काय जमलं, हे आधी घरी कळायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आणि हो, बऱ्याच घरांत फोन एकच असतो, तोही रात्री उशिरा हाती येतो. म्हणून मी मुदत आठवड्याची देते आणि वहीत केलेलंही तितक्याच आनंदाने तपासते.