कोंबड्यांचे भाऊ

झोप येत नाहीये. कारण म्हटलं तर एवढंसं. जेवताना चिनूने विचारलं, "अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे भाऊ कुठे असतात?" मी खरं ते सांगितलं. त्याने ताटातलं अंडं बाजूला सारलं आणि ताईचा चेहरा उतरला. मग कोणी फारसं बोललंच नाही. नेहमी मीच का वाईट ठरते? मुलाने सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं.

असो. ताईचं नाही, ते भाऊच डोक्यातून जात नाहीयेत.

अंड्यांची जात वेगळी, मांसाची वेगळी. मांसाची कोंबडी सहा आठवड्यांत कापायला तयार होते. अंड्यांच्या जातीतला नर अंडी देत नाही आणि त्याच्या अंगावर मांसही लवकर चढत नाही. म्हणून अंड्यातून बाहेर आल्या दिवशीच कामगार एकेक पिल्लू हातात घेतात, पंखांची पिसं किंवा शेपटीखाली बघतात आणि माद्या एकीकडे, नर दुसरीकडे टाकतात. नर यंत्रात चिरडतात, नाहीतर वायू सोडून मारतात. पिवळी, ओलसर, नुकती चिवचिवायला लागलेली पिल्लं.

खरं तर हाल त्यांच्या बहिणींचे जास्त. युरोपीय संघात 2012 साली साध्या पिंजऱ्यांवर बंदी आली, तोवर नियमाने एका कोंबडीला 550 चौरस सेंटिमीटर जागा पुरेशी मानली जायची. मघाशी ए-फोर कागद टेबलावर ठेवून बघितला. त्याहूनही कमी जागेत एका जिवाने अख्खा जन्म काढायचा. तरी मला छळतोय तो एका दिवसाचा नर. का? बहुतेक त्याच्या मरणामागे माणसाची भूकसुद्धा नाही म्हणून. तो कोणाच्या ताटात जाणारही नव्हता. हिशेबात बसला नाही, एवढंच.

ताईचा राग जाईल. चिनूने पुन्हा विचारलं तर मी पुन्हा खरंच सांगणार, त्याला इलाज नाही.

जर्मनीने 2022पासून ही पिल्लं मारायला बंदी केली. तिथे आता अंड्यातच नर-मादी तपासतात, नाहीतर नरही वाढवतात. खर्च वाढतो, पण जमतं. ज्या घरात अंडं हाच परवडणारा सकस घास आहे, त्या घराला मी काही सांगायला जाणार नाही. विचारायचं ते अंडी उबवणाऱ्या कंपन्यांना आणि कायदे करणाऱ्यांना: एका देशाला जमलं, तुम्हाला का नाही?