तक्रारच नाही, मग समिती कशाला?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकायला कंपन्यांत ज्या अंतर्गत समित्या असतात, त्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून जाते. चहा येईपर्यंत मालक एक प्रश्न हमखास विचारतात: "मॅडम, दहा वर्षांत आमच्याकडे एक तक्रार नाही. घरच्यासारखं वातावरण आहे. मग हे सगळं कशाला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'घरच्यासारखं' म्हटलं की माझे कान टवकारतात. घरातलं बाहेर बोलायचं नसतं, हेही त्यात आलंच ना!

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, म्हणजे तुमचा 'पॉश', बहुतेकांनी तक्रारीनंतरच्या भागापुरता वाचलेला असतो. तीन महिन्यांत तक्रार, नव्वद दिवसांत चौकशी वगैरे. कलम १९ मात्र मालकाला आधीच कामाला लावतं. वातावरण सुरक्षित ठेवा, समितीची माहिती ठळक जागी लावा, कार्यशाळा घ्या. दहा माणसं कामाला असली की समिती हवीच. नाही केली तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. यातलं बरंचसं १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं होतं. कायदा व्हायला पुढे सोळा वर्षं लागली.

एका कारखान्यात (तपशील थोडे बदलते) मी म्हटलं, समितीचा बोर्ड दाखवा. तो पॅन्ट्रीत निघाला, कॅलेंडरच्या मागे. अध्यक्षबाई दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलेल्या. खालचा नंबर तिथल्या तिथे लावला, तर तो बंद. तक्रार येणार कुठून?

त्याच दिवशी कार्यशाळा संपल्यावर एक मुलगी खुर्च्या आवरायला मागे थांबली. "ही तक्रार नाहीये हं मॅडम, सहज सांगते." एक डीलर बिलावर सही घ्यायला आला की खांद्यावर हात ठेवतो आणि काढत नाही. त्याची गाडी फाटकात दिसली की ती गोडाऊनमध्ये स्टॉक मोजायला जाते. बाकीचे हसतात, "आली गं तुझी गाडी!" म्हणजे माहीत सगळ्यांना होतं.

तिला लेखी तक्रार द्यायची नव्हती. तिच्या परवानगीने, तिचं नाव न घेता मी मालकांशी बोलले. ते म्हणाले, "पण तो आमचा माणूस नाही." त्यांच्यासमोर कलम १९ चं पहिलंच पोटकलम ठेवलं: कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्यांपासूनची सुरक्षितताही त्यात आहे. बराच वेळ ते चष्मा पुसत बसले. मोठा डीलर होता, त्यांची अडचण मला कळत होती.

शेवटी त्यांनी डीलरला पत्र लिहायला घेतलं. यापुढे बिलांचं काम फक्त मालकांच्या केबिनमध्ये, आणि कुठल्याही कर्मचाऱ्याच्या अंगाला हात लावलेला चालणार नाही. पहिल्या मसुद्याची सुरुवात होती, 'काही गैरसमज झाल्यामुळे'. ती ओळ मी खोडली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नवा कागद घेतला.