'आप्पा' सापडला, म्हणजे तो नव्हताच

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की पणजोबांच्या मोडी लिपीतल्या फेरफारातले (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीतले) 'आप्पा का' कोण ते कळेना. चार महिने या आप्पांच्या मागे होते. कोतवाल बुकं (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या) पालथी घातली, सगळ्या भाऊबंदांना विचारलं. आप्पा नावाचा माणूस आमच्या कुळात कुठेच नाही.

काल रात्री उलगडलं. तो शब्द 'अपाक' आहे. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वयात न आलेल्या वारसाचा पालक!

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे पणजोबांच्या नावाला ही तीन अक्षरं चिकटून आली होती. आणि 'अ' पुढचा जो काना मी धरून चालले होते, ती मागच्या पानावरची फुटलेली शाई निघाली. रेकॉर्ड रूममधून मिळालेल्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये दोन्ही शाया सारख्याच काळ्या दिसतात. परवा परवानगी काढून मूळ पानाचा रंगीत फोटो घेतला, उजेड बाजूने तिरपा पाडून. बोरूची शाई गडद तपकिरी, फुटलेली शाई फिकट पिवळसर. झेरॉक्सवरून मोडी वाचू नका, हे आता ठामपणे सांगते.

आता ओळ सरळ लागते: पणजोबा, अपाक आई, पुढे तिचं नाव, मग 'कोम' (म्हणजे अमक्याची बायको) आणि खापरपणजोबांचं नाव. खापरपणजीचं नाव मला पहिल्यांदा कळलं. कोतवाल बुकात तिच्या बाळंतपणांच्या नोंदी आहेत, पण त्यात फक्त बापाचं नाव आणि 'मुलगा झाला' एवढंच. ते नाव मी कितीतरी वेळ नुसतं वाचत बसले.

फेरफार १९१९ चा, वारस म्हणून. खापरपणजोबांचा मृत्यू ऑक्टोबर १९१८, कारण 'ताप'. त्या महिन्याची पानं मागच्या-पुढच्या महिन्यांपेक्षा कितीतरी भरलेली आहेत, इन्फ्लुएन्झाच तो. १९११ ते १९२१ या दशकात आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर घसरली, तो आकडा आमच्या गावच्या पानावर असा दिसतो. (जनगणनेत आजोबांच्या घराचा कागद मिळेल का, असं अनेकजण विचारतात. इंग्लंडात १९२१ ची घरोघरची पानं २०२२ मध्ये खुली झाली. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याचं कलम १५ ती पाहू देत नाही. आपल्याला छापील तक्तेच, बाकी सगळी भिस्त गाव नमुना १४ वर, म्हणजे कोतवाल बुकावर.)

पण यातून नवा पेच उभा राहिला. १९१९ मध्ये पणजोबा अज्ञान, म्हणजे अठराच्या आतले. मग १८९७ ची जी जन्मनोंद मी त्यांची म्हणून वंशावळीत लावली, ती त्यांची नाहीच. थोरल्या भावाची असणार, आणि तो वारसांत नाही म्हणजे आधीच गेलेला. घरात सांगतात की पणजोबा 'प्लेगच्या साली' जन्मले. ते खोटं म्हणवत नाही, कारण प्लेग पुढे कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा येत होता. साल मी चुकीचं धरलं.

पुढच्या महिन्यात त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या पाहायचं ठरलं होतं. पण हे लिहितानाच सुचलं: मुलगा सज्ञान झाल्यावर अपाकचा शेरा कमी करायला (काढून टाकायला) दुसरा फेरफार झाला असणार! तो मिळाला तर जन्मसाल जवळपास पक्कं होईल. त्र्यंबक नंतर. सोमवारी १९२० पासूनच्या फेरफार नोंदवहीसाठी अर्ज टाकते. तोवर कुणाच्या पाहण्यात असा शेरा कमी केल्याची मोडी नोंद आली असेल तर शब्दरचना कळवा. काय शोधायचं ते आधी डोळ्यांत बसलेलं बरं.