तुम्ही विचारलंत म्हणून: माझी आवडती संख्या

गणितात रमणाऱ्या माणसाला हा प्रश्न हमखास येतो: तुमची आवडती संख्या कोणती? विचारणाऱ्याला बहुधा शून्य किंवा पाय अपेक्षित असतो. माझं उत्तर दहा अंकी आहे: ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १.

फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६४० च्या सुमारास ३, ५, १७, २५७, ६५,५३७ अशी रांग मांडली. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा. पाचही मूळ संख्या! पुढच्याही सगळ्या मूळच निघणार, असा त्याचा कयास होता. रांगेतली सहावी म्हणजे माझी ही लाडकी. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो, आणि भागाकार येतो ६७,००,४१७.

६४१ च का? माझ्या या लाडक्या संख्येच्या कुठल्याही मूळ अवयवातून १ वजा केला, की उरलेल्याला ६४ ने भाग जातोच. हा नियमही ऑयलरचाच. त्यामुळे तपासायला लागतात फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचव्या भागाकारालाच निकाल लागतो.

पण मला खरी भुरळ पडते ती पुढच्या युक्तीची. इथे दहा अंकी भागाकार करावाच लागत नाही. ६४१ म्हणजे ६४० + १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. ६४१ ने भागायचं असेल तर ६४० च्या जागी −१ धरता येतो, म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी १. तो चौथा घात उलगडला की मिळतं ६२५ गुणिले २ चा २८वा घात. आता ६२५ हे ६४१ पेक्षा १६ ने कमी, म्हणून त्याच्या जागी −१६ लिहा. १६ हा २ चा चौथा घात. घात जुळून ३२ झाले! म्हणजे २ चा ३२वा घात घेऊन त्याला उणे चिन्ह दिलं तर बाकी १ येते, तेव्हा त्या घातात १ मिळवला की बाकी शून्य. एवढी नेटकी सिद्धता माझ्या पाहण्यात फार थोडी आहे.

गंमत म्हणजे फर्माच्याच प्रमेयातून निघणारी एक कसोटी ही संख्या पार करते: २ चा तिच्याइतका घात घेऊन २ वजा केले, तर उरलेल्याला तिने पूर्ण भाग जातो. मूळ संख्या वागते तशीच ही वागते.

तिला दोन वर्गांची बेरीज म्हणूनही मांडता येतं. ६५,५३६ चा वर्ग अधिक १, हे तर उघडच आहे. शिवाय ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग. कागदावर करून पाहाच. मूळ संख्येची अशी मांडणी झाली तर एकाच रीतीने होते. इथे दोन रीती सापडल्या, म्हणजे एकही अवयव हाती नसताना ती मूळ नाही हे सिद्ध झालं.